क्लोन ॲटोमायझर: एका वाइंडिंगवाल्या मामाचा हिशेब

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेला पंप येतो, आम्ही जुनी तार कापून काढतो, टर्न मोजतो, नवी तार भरतो, वार्निश मारतो. गेल्या वर्षी उन्हाळ्यात धाकट्या बहिणीकडे लेस्टरला तीन महिने राहायला गेलो, तेव्हा वाटलं होतं की तारेपासून थोडी सुट्टी मिळेल. चौथ्या दिवशी भाच्याने जेवणाच्या टेबलावर अंगठ्याएवढी स्टीलची डबी, म्हणजे त्याच्या व्हेपचा ॲटोमायझर, ठेवली आणि म्हणाला, "मामा, ह्यात कॉइल बसवून दे ना. मी बसवली की जळका वास येतो."

भाचा अठ्ठावीस वर्षांचा. कॉलेजपासून सिगारेटी. त्या सोडायला म्हणून व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, धरला. आधी ती वापरून फेकायची रंगीत नळकांडी ओढायचा. १ जून २०२५ पासून ब्रिटनमध्ये त्यांच्या विक्रीवर बंदी आली, म्हणून हे पुन्हा पुन्हा बांधता येणारं रिबिल्डेबल घेतलं, आणि पैसे वाचवायला तेही क्लोन, म्हणजे नामांकित मालाची नक्कल, घेतलं. मी त्याला काय बोलणार? मी स्वतः वीस वर्षं मावा चघळलाय. दाताच्या डॉक्टरने तोंडात आरसा घालून गालाच्या आतला पांढरा चट्टा दाखवला, तेव्हा सोडला. पण जो सिगारेट ओढतच नाही त्याने हौसेने ह्या वाटेला जाऊ नये. निकोटीन निकोटीनच असतं, धुरातून येवो की वाफेतून.

आता बडोदेकरांसाठी, आणि जोरात सांगतो. आपल्याकडे हे चालत नाही. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, विकणं, आयात करणं, साठवणं, त्याची जाहिरात करणं, सगळ्यावर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसत्या साठ्यालाही सहा महिने किंवा पन्नास हजार. तेव्हा रावपुऱ्यात पानाच्या गल्ल्यावर कोणी 'बाहेरचा माल' म्हणून हळूच दाखवला तर पान घ्यावं आणि पुढे निघावं. अहमदाबादला उतरताना बॅगेत आणायची ही वस्तू नाही. हा मजकूर आपल्या त्या मुलांसाठी आहे जी शिकायला-नोकरीला ब्रिटनसारख्या ठिकाणी आहेत, जिथे अठराच्या वरच्याला हे दुकानात रीतसर मिळतं.

आत असतं काय

आई रोज संध्याकाळी समई लावायची, ते आठवा. कापसाची वात तेल वर ओढते, टोकाला ज्योत. इथे ज्योतीच्या जागी तापलेली तार आहे. तारेच्या कॉइलमधून कापूस ओवलेला असतो, कापसाची दोन्ही टोकं निकोटीनच्या द्रवात. बटण दाबलं की तार तापते, कापसातल्या द्रवाची वाफ होते. संपलं. बाकी सगळं हवेची वाट आणि गळती थांबवणाऱ्या रबरी रिंगा.

तयार हेडवाल्या टाकीत ही कॉइल-कापूस कंपनी भरून देते, जळलं की फेकायचं. रिबिल्डेबलमध्ये दोन खांब, त्यांना स्क्रू, आणि कॉइल आपण बसवायची. टाकी नसलेल्याला आरडीए म्हणतात, त्यात थेंब थेंब द्रव टाकत बसावं लागतं. टाकीवाला तो आरटीए. नवशिक्याने एकाच कॉइलचा आरटीए घ्यावा. दोन कॉइलवाल्यात दोन्ही सारख्या तापल्या पाहिजेत, आणि पहिल्या महिन्यात ते कोणालाच जमत नाही.

क्लोन घ्यावा का

जर्मनीच्या कायफुनसारखे नामांकित ॲटोमायझर शंभर पौंडांच्या आसपास किंवा वर जातात. शेन्झेनकडचे कारखाने तसाच तुकडा लेथवर काढून फार स्वस्तात विकतात. भाच्याने अठरा पौंडांना घेतला होता. मला नक्कल ह्या शब्दाचं वावडं नाही. आमच्या धंद्यात निम्मे स्पेअर 'ओईएम (मूळ कंपनीचं) नाही, पण चालेल' असेच असतात. पण नक्कल म्हणून विकलेली वस्तू आणि असली म्हणून विकलेली नक्कल, ह्यात फरक आहे. एका दुकानदाराने मला नामवंत कंपनीच्या डब्यात, छापील होलोग्रामसकट, बेअरिंगं दिली होती. पाच एचपीची मोटार महिन्याभरात किंचाळत परत आली. गिऱ्हाइकाने शिव्या मला दिल्या, डब्याला नाही.

म्हणून क्लोन घ्यायचाच तर तो क्लोन आहे असं सरळ लिहिणाऱ्याकडून घ्या. मूळ कंपनीचं चिन्ह आणि खोटा सिरियल नंबर कोरलेला नको. एक तर ती दुसऱ्याच्या नावाची चोरी, आणि जो नंबर खोटा कोरतो तो धातूबद्दल खरं बोलेल ह्याची काय खात्री. बिनचिन्हाचा, 'अमक्यासारखा' म्हणून विकलेला तुकडा बरा. आणि खरं सांगू? आता चांगल्या चिनी कंपन्या स्वतःच्या नावाने, स्वतःच्या डिझाइनचे आरटीए वीस-पंचवीस पौंडांत देतात. मी विकत घेणारा असतो तर तेच घेतले असते. शिवाय ब्रिटनमध्ये दोन मिलिलिटरपेक्षा मोठी टाकी विकायला परवानगी नाही, आणि परभारे मागवलेल्या क्लोनला तो नियम कुठला माहीत असायला.

हातात आल्यावर

लगेच द्रव भरू नका. आधी पूर्ण खोला. शेवटचा स्क्रू, शेवटची रिंग निघेपर्यंत. खाली पांढरा रुमाल अंथरा, कारण ते स्क्रू दोन मिमीचे असतात आणि पडले की बहिणीच्या व्हॅक्यूम क्लीनरमध्येच सापडतात.

भाच्याचा तुकडा मी उघडला तेव्हा पहिला वास आला तो लेथच्या तेलाचा. माझ्या नाकाला तो तीस वर्षांची ओळख असलेला वास आहे. आट्यांत बोट फिरवलं तर काळा चिकटा. हे तेल तापून फुप्फुसात जाणार होतं. गरम पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश, आणि आटे न् आटे घासायचे. मग पुन्हा गरम पाणी. वास पूर्ण जाईपर्यंत दोनदा, तीनदा. काचेला आणि रबरी रिंगांना उकळतं पाणी नको, सोसवेल इतकंच गरम.

धुतल्यावर धातू दिसतो. आट्यांच्या धारेवर पिवळी झाक दिसली तर समजा, स्टीलच्या नावाखाली पितळेवर मुलामा आहे. लेथवर सहज कापलं जावं म्हणून पितळेत बऱ्याचदा थोडं शिसं घालतात. द्रव जिथे साठतो त्या भागाला असं पितळ असेल तर तो तुकडा परत करा, भांडण करा, पण वापरू नका. लोहचुंबक लावून हे कळत नाही. चांगलं ३०४ किंवा ३१६ स्टीलही चुंबकाला जवळपास चिकटत नाही आणि पितळही नाही. डोळ्यांनीच बघायचं.

मग इन्सुलेटर. धन खांब आणि बाकीचं अंग ह्यांच्यामध्ये एक प्लास्टिकचा तुकडा असतो. चांगल्या वस्तूत तो पीक नावाच्या बदामी रंगाच्या प्लास्टिकचा असतो, ३४३ अंशांपर्यंत वितळत नाही. स्वस्तात कसलंही प्लास्टिक असतं. ते तापून मऊ पडतं, खांब डुलायला लागतो आणि एक दिवस बाजूला टेकतो. खांब बोटांत धरून हलवून पाहा. हलला तर खालची पिन आवळा. आवळूनही हलला तर तो शोभेला ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तळाला जी आट्यांची चुडी मॉडमध्ये, म्हणजे बॅटरी आणि बटण असलेल्या खालच्या भागात, बसते तिला ५१० म्हणतात. तिच्या मधोमध धन पिन असते. ही पिन बाहेरच्या आट्यांपेक्षा स्पष्ट पुढे आलेली असली पाहिजे. भाच्याच्या क्लोनची पिन आट्यांच्या पातळीत होती, नख फिरवलं तर अडकत नव्हतं. साध्या सर्किटवाल्या मॉडमध्ये फार तर 'ॲटोमायझर नाही' असं दिसलं असतं. पण ज्या मेकॅनिकल, म्हणजे सर्किट नसलेल्या, नळीत बॅटरी थेट ॲटोमायझरच्या तळाला टेकते, तिथे ही पातळीतली पिन म्हणजे बॅटरीचं धन टोक थेट बाहेरच्या अंगाला. डेड शॉर्ट. बंद नळीत, हातात, तोंडाजवळ. मेकॅनिकल मॉड नवशिक्याने घेऊच नये. मी तर म्हणतो जुन्यानेही घेऊ नये. आपण फेज-न्यूट्रल फ्यूजशिवाय घरात घेतो का?

मल्टिमीटर असेल तर कॉइल न बसवता पिन आणि बाहेरचे आटे ह्यांच्यामध्ये मोजा. बीप वाजता कामा नये. वाजला तर आत कुठे तरी टेकतंय. भाच्याकडे मीटर नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही जाऊन दहा पौंडांचा आणला, आणि मला त्या देशात पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं.

बॅटरीत नक्कल नको

स्टील नकली असलं तर परत करता येतं. बॅटरीत मात्र नक्कल अजिबात नको. १८६५० म्हणतात तो सेल, अठरा मिमी व्यास, पासष्ट मिमी लांबी. भरल्यावर ४.२ व्होल्ट. बाजारात जुन्या लॅपटॉपमधले सेल काढून नवं प्लास्टिक चढवून विकतात आणि वर ९९०० एमएएच छापतात. एवढी क्षमता त्या आकारात मावतच नाही. चांगल्या जास्त करंटच्या सेलवर आकडे साधे असतात, जसं सॅमसंग २५आर म्हणजे २५०० एमएएच आणि सतत वीस अँपियर. ओळखीच्या बॅटरीच्या दुकानातूनच घ्या.

वरचं प्लास्टिक कुठे फाटलं असेल तर तो सेल वापरायचा नाही. बाहेरचा अख्खा डबा ऋण असतो, आणि धन टोकाभोवती फक्त एक पातळ कागदी चकती असते. खिशात चाव्या आणि सुटी नाणी असतात. भाचा सेल तसाच जीन्सच्या खिशात घालून फिरायचा. एक पौंडाच्या प्लास्टिक डबीत ठेव म्हटलं तर म्हणे, "मामा, तू उगाच घाबरवतोस." मी त्याला दुकानातल्या एका जळालेल्या पॅनेलचा फोटो दाखवला. ते सेलचं नव्हतं, पण काम झालं.

कॉइल

इथे मी स्वतःची फजिती सांगतो. कंथालची छोटी रीळ होती, वर जाडीचा गेज लिहिला होता २६. कंथाल म्हणजे लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमचा मिश्र धातू. स्वीडनच्या हॉलस्टाहामर गावात १९३१ च्या सुमारास हान्स फॉन कांत्सोव ह्यांनी आणला, त्यांच्या आणि गावाच्या नावातून कंथाल झालं. विजेच्या शेगडीपासून भट्टीपर्यंत सगळीकडे हीच तार. मला ती नवी नव्हती. मी तोंडी हिशेब केला: ३ मिमीच्या ड्रिलवर सहा टर्न, दोन्ही पायांचे मिळून एक सेंटिमीटर, एकूण साधारण पंचाहत्तर मिमी, रोध यायला हवा ०.६६ ओहम. बांधली, बसवली. मॉडच्या पडद्यावर ०.८३.

मी मॉडला दोष दिला. मग मल्टिमीटरला. मग पिन घासली. शेवटी भाच्याचा डिजिटल वर्निअर घेऊन तार मोजली. ०.४० मिमी. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आपण एसडब्ल्यूजीत, म्हणजे ब्रिटिश गेजमध्ये, बोलतो, २६ म्हणजे ०.४५७ मिमी. व्हेपवाले अमेरिकन एडब्ल्यूजीत बोलतात, त्यांचा २६ म्हणजे ०.४०५ मिमी. आकडा तोच, तार वेगळी. तीस वर्षं गेज सांगून तार विकत घेणारा माणूस रिळीवरच्या आकड्याला फसला. भाचा दोन दिवस हसत होता.

हिशेब असा. कंथालचा विशिष्ट रोध १.४५. त्याला तारेच्या मीटरमधल्या लांबीने गुणायचं आणि चौरस मिमीमधल्या छेदाने भागायचं. ०.४०५ मिमीच्या तारेचा छेद ०.१२९, लांबी ०.०७४ मीटर. १.४५ गुणिले ०.०७४ भागिले ०.१२९, उत्तर ०.८३. मॉड बरोबर होता.

हा आकडा मी मुद्दाम धरून ठेवला. भरलेल्या सेलवर ४.२ भागिले ०.८३, म्हणजे सुमारे पाच अँपियर. वीस अँपियरच्या सेलला हे खेळणं. तीच कॉइल कोणी ०.१ ओहमची बांधली तर सरळ जोडणीत बेचाळीस अँपियर होतात, आणि ते आकडे बघून मला घाम फुटतो. वाफेच्या ढगांच्या स्पर्धा लावणारी पोरं असं करतात म्हणे. करोत.

मीटरने इतका छोटा रोध मोजताना आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावून किती दाखवतो ते पाहा. आमचा ०.२ दाखवत होता. तेवढे वजा करायचे.

बसवताना तारेचा पाय स्क्रूभोवती असा फिरवा की स्क्रू आवळताना डोकं तारेला आत ओढेल. उलटं फिरवलं तर आवळता आवळता तार बाहेर सटकते. क्लोनचे स्क्रू मऊ असतात, जोर लावला की खाच जाते. बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्या आणि जास्तीचे चार स्क्रू मागवून ठेवा. उरलेले पाय मुळाशी कापा. अर्धा मिमी पाय बाहेर राहिला आणि टोपणाला टेकला की शॉर्ट.

मग मॉड दहा-बारा वॅटवर ठेवून बटण क्षणभर दाबा, सोडा, पुन्हा दाबा. कॉइल मधोमध लाल व्हायला पाहिजे आणि लाली दोन्ही बाजूंना पसरली पाहिजे. एखादाच टर्न आधी भडकत असेल तर सिरॅमिकच्या चिमट्याने टर्न अलगद खरवडा आणि जवळ दाबा. साधा लोखंडी चिमटा असेल तर बटणावरून बोट काढल्याशिवाय लावू नका. आणि हे कोरडं तापवणं कंथाल, नायक्रोम, स्टील ह्यांच्यासाठी. निकेल किंवा टायटॅनियमची तार अशी लाल करायची नाही.

वात

आता जळक्या वासाचं कारण. भाच्याची कॉइल वाईट नव्हती, कापूस चुकत होता. त्याने एवढा जाड बोळा कोंबला होता की कॉइल वाकडी झाली होती. आई म्हणायची, घट्ट वळलेली वात तेल पीत नाही. मध्ये द्रव पोचायचाच नाही, कोरडा कापूस जळायचा. मग त्याने उलट टोक गाठलं, एवढा पातळ घातला की द्रव खालच्या हवेच्या भोकातून पॅन्टवर.

कॉइलमधून कापूस ओढताना किंचित अडला पाहिजे, पण कॉइल हलता कामा नये. सरकवून मागेपुढे करा. तार कापसासोबत यायला लागली तर जाड झाला. टोकं तिरकी कापा, विंचरून थोडी विरळ करा, आणि द्रव येतो त्या खाचांवर नुसती टेकवा. कोंबू नका. मग टाकी बसवायच्या आधी कापूस हाताने थेंब टाकून पूर्ण भिजवा. टाकी भरल्यावर पाच मिनिटं थांबा. बारा वॅटवर सुरू करा आणि चवीप्रमाणे चढवा. ह्या कॉइलला सोळा-सतराच्या वर जायची गरज पडली नाही.

कापूस व्हेपसाठी मिळतो तो बिनब्लीचचा घ्या. औषधाच्या दुकानातला मेकअप पुसायचा नको.

द्रवाबद्दल थोडक्यात. ब्रिटनमध्ये निकोटीनचा द्रव दहा मिलिलिटरच्या बाटलीत आणि जास्तीत जास्त वीस मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर मिळतो, तोच दुकानातून घ्या. अशा ॲटोमायझरला खूप कमी ताकदीचा पुरतो, कारण वाफ जास्त निघते. घरात बनवलेला, तेलात मिसळलेला, कुठल्याही अत्तराचा किंवा निलगिरीचा थेंब टाकलेला द्रव नको. तेल फुप्फुसात जाऊन बसतं, ते विरघळत नाही. बाटली लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा, निकोटीन पोटात गेलं तर विष आहे. बहिणीच्या घरात शेजारचं दोन वर्षांचं पोर दिवसभर रांगत असतं, म्हणून बाटल्या आम्ही वरच्या कपाटात लोणच्याच्या बरणीमागे हलवल्या.

कापूस आठवड्याने, किंवा चव बदलली की बदलायचा. गोड द्रवाने कॉइलवर काळा थर चढतो. कापूस काढून दोनदा लाल करा, थंड झाल्यावर पाण्याखाली धरा, ब्रश मारा. दोन-तीन वेळा झालं की नवी कॉइल. तार इतकी स्वस्त आहे की जुनी वाचवण्यात अर्थ नाही. रिंगा कडक पडल्या की गळती सुरू होते. क्लोनच्या रिंगांचे माप मूळ वस्तूशी बहुधा जुळतं, पण विकत घेण्याआधी जुनी रिंग वर्निअरवर मोजा.

परत आल्यावर दिवाळीच्या आधी एका रात्री भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. दुकान बंद करून मी नुकताच घरी पोचलो होतो. म्हणे, "मामा, कॉइल तीच आहे, पण कधी ०.८३ दाखवतोय, कधी ०.९६, आणि मध्येच शून्य." आकडा असा नाचत असेल तर तारेचा दोष नसतो, लूज कॉन्टॅक्ट असतो. आधी कोणता स्क्रू ढिला आहे ते बघ म्हटलं. डावा होता. त्याने फोन टेबलाला टेकवून ठेवला, जीभ दातांत धरून स्क्रू आवळला, आणि पडदा कॅमेऱ्यासमोर धरला. ०.८३.